बल्बची मान का तापते? तुमचे प्रश्न, आमच्या टेबलावरून उत्तरं

मागे पंख्याच्या कंडेन्सरबद्दल लिहिताना जाताजाता एक ओळ टाकली होती, की एलईडी बल्ब उन्हाळ्यात जास्त जातात. त्या एका ओळीवर इतके मेसेज आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, ज्यांचा प्रश्न इथे दिसणार नाही त्यांनी अकोल्याच्या ताईंचं उत्तर वाचा, बहुतेकांचं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न : दादा, आमच्या हॉलमध्ये छताला काचेचा गोल बंद डोम आहे. त्यात आधी 60 वॉटचा पिवळा बल्ब होता, तो वर्षभर तरी टिकायचा. आता 12 वॉटचा एलईडी लावते तर सात-आठ महिन्यांत जातो, तीन झाले. खोक्यावर 25,000 तास लिहिलंय. दुकानदार बदलून देतो पण म्हणतो तुमची लाईनच खराब आहे. एलईडी तर थंड असतात ना? मग काढताना बल्बच्या मानेला हात लागला की चटका का बसतो?
– एक वाचक भगिनी, अकोला

उत्तर : ताई, लाईन बघायला हरकत नाही पण माझा पहिला संशय तुमच्या डोमवर आहे. आणि एलईडी थंड असतात हे जे सगळीकडे सांगितलं जातं ना, त्यानेच लोकांचे बल्ब जातायत असं माझं स्पष्ट मत आहे, कारण थंड आहे म्हटल्यावर माणूस तो कुठेही कोंबतो.

जुन्या पिवळ्या बल्बची तार अडीच हजार डिग्रीच्या आसपास तापायची. वीज खाल्ली शंभर भाग तर प्रकाश मिळायचा जेमतेम पाच भाग, बाकीची सगळी उष्णता, पण त्यातली बरीचशी उष्णता किरणांच्या रूपात काचेतून थेट बाहेर फेकली जायची, म्हणून त्याच्याखाली हात धरला की ऊब लागायची. आणि त्याच्या आत होतं काय, तर काच, तार आणि टोपी. तापून बिघडेल असं काही नव्हतंच. डोममध्ये कोंडला तरी तो निवांत जळायचा.

एलईडीचं सगळं उलट. त्याच्या प्रकाशात उष्णतेचे किरण जवळजवळ नसतातच, म्हणून खाली हात धरला की गार वाटतं आणि आपण फसतो. 9 वॉटचा बल्ब घेतला तर ढोबळमानाने 3 वॉटचा प्रकाश होतो आणि 6 वॉटची उष्णता होते. सहा वॉट म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण ती सहा वॉट उष्णता तांदळाच्या दाण्याएवढ्या चिपांमध्ये तयार होते आणि तिला उडून जायची सोय नाही, तिला धातूतून चालत चालत बाहेर यावं लागतं. चिपमधून खालच्या ॲल्युमिनियमच्या गोल पट्टीत, पट्टीतून बल्बच्या पोटातल्या ॲल्युमिनियमच्या वाटीत, वाटीतून बाहेरच्या पांढऱ्या प्लास्टिकमध्ये आणि तिथून हवेत. या वाटेवर कुठेही अडलं की मागे चिप तापते. म्हणजे मान गरम लागणं हे खरं तर चांगलं लक्षण आहे, उष्णता बाहेर येतेय. प्रश्न हा आहे की बाहेर आल्यावर ती जाते कुठे.

तुमच्या डोममध्ये ती कुठेच जात नाही. काच उष्णता चांगली वाहत नाही, आतली हवा कोंडलेली, वर दिवसभर तापलेला स्लॅब, आणि अकोल्याचा मे महिना मी तुम्हाला सांगायला नको. खोलीतच 40 असेल तर डोमच्या आतली हवा त्याच्याही कितीतरी वर जाते. कंपनी बल्बची मापं घेते ती साधारण 25 डिग्रीच्या मोकळ्या हवेत. खोक्यावरचे 25,000 तास म्हणजे सुद्धा बल्ब तोपर्यंत तसाच लख्ख राहील असं नाही, प्रकाश उतरत उतरत 70 टक्क्यांवर येईपर्यंतचा तो काळ असतो, आणि तो बऱ्या हवेतला असतो.

आता तुमचा बल्ब नेमका कशाने गेला असेल? बहुतेक वेळा चिपांच्या आधी जातो तो ड्रायव्हर, म्हणजे मानेत बसवलेलं छोटं सर्किट जे घरातली वीज एलईडीला चालेल अशी करून देतं. त्यात एक उभा डब्यासारखा कॅपॅसिटर असतो, त्याच्या आत ओलसर रसायन असतं आणि ते उष्णतेने हळूहळू वाळतं. कारागीर लोकांचा एक हिशेब आहे जो जगभर चालतो, तापमान 10 डिग्रीने वाढलं की कॅपॅसिटरचं आयुष्य निम्मं. समजा त्यावर 105 डिग्रीला 5,000 तास असं लिहिलंय. तोच 85 डिग्रीला राहिला तर 20,000 तास मिळतात, रोज सहा तास लावला तर नऊ वर्षं झाली. 95 ला राहिला तर साडेचार वर्षं. 105 ला सव्वादोन. आणि स्वस्त कॅपॅसिटरवर 5,000 नाही, 2,000 तास असतात. बल्ब तोच, वीज तीच, फक्त वीस डिग्रीचा फरक.

त्यात तुमचा बल्ब उलटा टांगलेला असणार, मान वर आणि दुधी टोपी खाली. गरम हवा वर चढते, म्हणजे चिपांची सगळी उष्णता नेमकी ड्रायव्हरच्या अंगावर.

काय करा सांगतो. काच काढून टाका आणि साधा बटन होल्डर राहू द्या, दिसायला जरा बोडकं दिसेल पण बल्ब टिकेल. काच हवीच असेल तर वर-खाली फट असलेला शेड बघा. तेही नको असेल तर 12 ऐवजी 7 वॉटचा लावा आणि समोरच्या भिंतीला दुसरा 7 चा उघडा लावा, उजेड पुरेसा होतो आणि उष्णता दोन ठिकाणी विभागली जाते. बल्ब तासभर चालल्यावर स्विच बंद करून, होल्डरमध्ये बसणाऱ्या धातूच्या टोपीला हात न लावता, प्लास्टिकच्या मानेवर बोट टेकवून बघा. दोन-तीन सेकंदही बोट ठेववत नसेल तर तो बल्ब त्या जागेला जड झालाय.

प्रश्न : सर, मी डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्स दुसऱ्या वर्षाला आहे. घरचा बंद पडलेला बल्ब उघडला तर एका एलईडीवर काळा ठिपका होता. यूट्यूबवर बघून तो सोल्डरने शॉर्ट केला, बल्ब लागला! पण पंधरा दिवसांनी पुन्हा गेला, आता दोन एलईडींवर ठिपके आहेत. माझं काय चुकलं?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : मित्रा, उघडून बघितलंस हे फार आवडलं. आणि सोल्डरिंग तुझं चुकलं नसावं, विचार अर्धा राहिला.

तो बल्ब परत समोर घे. दुधी टोपी काढली की गोल पांढरी पट्टी दिसते, तिच्यावर कडेने पिवळ्या चौकोनी गोळ्या म्हणजे एलईडी, मध्ये करंट सांभाळणारे एक-दोन काळे आयसी, बाजूला दोन बारीक रेझिस्टर. मानेत वेगळं सर्किट नाही, सगळं त्या एकाच पट्टीवर. याला डीओबी म्हणतात, ड्रायव्हर ऑन बोर्ड. सगळ्या गोळ्या एकामागे एक माळेत जोडलेल्या असतात म्हणून एक गेली की सगळी माळ विझते. आणि काळा ठिपका म्हणजे गोळीच्या आतली केसाहून बारीक तार किंवा चिप स्वतः जळून वरचा पिवळा थर करपलेला.

आता ती गोळी का जळली हे विचार. माळेतल्या सगळ्यांना करंट सारखाच जातो, सगळ्या सारख्याच तापलेल्या असतात, त्यातली जी थोडी कच्ची होती ती आधी गेली. तू तिला शॉर्ट केलंस म्हणून शेजारणींची उष्णता कमी झाली नाही, त्या रांगेत उभ्याच होत्या. दुसरी गोष्ट, या प्रकारच्या ड्रायव्हरमध्ये जास्तीचा व्होल्टेज आयसी स्वतःच्या अंगावर घेतो आणि उष्णता करून टाकतो. तू एक 18 व्होल्टची गोळी माळेतून काढलीस, करंट धर 30 मिलीॲम्प, म्हणजे अर्ध्या वॉटहून जास्त उष्णता आयसीकडे गेली, आणि आयसी त्याच पट्टीवर बसलेला आहे. पट्टी आणखी तापली.

आता नखाने पट्टीची कड उचकटून मागे बघ. चांगल्या बल्बात पट्टी ॲल्युमिनियमच्या वाटीत दाबून घट्ट बसवलेली असते आणि मध्ये पांढरी थर्मल पेस्ट लावलेली असते. मला टेबलावर जे स्वस्त बल्ब येतात त्यांच्यात बहुतेक वेळा पेस्टचा थेंबही नसतो, पट्टी कडेकडेने टेकलेली आणि मध्ये हवा, काहींच्यात तर वाटीच नाही, नुसतं प्लास्टिक. ॲल्युमिनियम उष्णता जेवढी वाहतं त्याच्या तुलनेत साधं प्लास्टिक हजारपटीनेसुद्धा कमी वाहतं, आणि मधली हवा तर प्लास्टिकपेक्षाही वाईट. कागदाएवढी फट पण मोठी भिंत होते. म्हणून पेस्ट ही शोभेची गोष्ट नाही.

तुला खरंच बल्ब जगवायचा असेल तर ते दोन बारीक रेझिस्टर बघ, ते बहुधा समांतर जोडलेले असतात आणि त्यांच्यावरून आयसी करंट ठरवतो. त्यातला एक काढला की करंट उतरतो, दोन्ही सारखे असतील तर निम्मा होतो. प्रकाश कमी होईल पण निम्मा नाही, निम्म्यापेक्षा जरा जास्तच राहील, कारण एलईडी गार असला आणि करंट कमी असला की त्याच विजेत जास्त प्रकाश देतो. हे काही जुगाड नाहीये, हीच गोष्ट फिलिप्सने 2016 मध्ये दुबईच्या महापालिकेसाठी केली, दुबई लॅम्प म्हणून. त्यात गोळ्या जास्त घातल्या आणि प्रत्येकीला करंट कमी दिला, 3 वॉटमध्ये 60 वॉटच्या जुन्या बल्बएवढा उजेड, म्हणजे वॉटमागे 200 ल्युमेनपर्यंत (ल्युमेन हे प्रकाशाचं माप). आपल्याकडे दुकानात जो 9 वॉटचा मिळतो तो वॉटमागे साधारण 100 ल्युमेन देतो. चिपांचं विज्ञान तेच आहे, फक्त त्यांना पळवायचं किती हे ठरवलंय.

एक मात्र मनापासून सांगतो. या पट्टीवर थेट घरातली वीज असते, मध्ये ट्रान्सफॉर्मर नाही. टोपी काढलेला बल्ब होल्डरला लावून त्यावर काम करायचं नाही म्हणजे नाही. काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, आधी रेझिस्टर लावून तो उतरव, मल्टीमीटरने शून्य बघ, मगच हात. तुझ्या वयात मी हे शिकलो ते झटका खाऊन, तू वाचून शिक. आणि दुरुस्त केलेला बल्ब टोपी नीट बसवल्याशिवाय वापरात देऊ नकोस, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

प्रश्न : आम्ही गावरान कोंबड्यांची पिल्लं आणतो, पत्र्याच्या गोल कुंपणात 100 वॉटचे पिवळे बल्ब टांगायचो. यंदा पिवळे मिळेनात म्हणून एलईडी लावले, उजेड भरपूर पण पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसतात, काही दगावली. जास्त वॉटचे एलईडी लावू का?
– एक पोल्ट्रीवाले, तासगाव

उत्तर : नाही दादा, अजिबात नाही, आणि आजच बदला. पिल्लं एकमेकांवर चढून बसतात म्हणजे त्यांना थंडी वाजतेय. तुम्ही त्या पिवळ्या बल्बला उजेडासाठी लावत नव्हता, उबेसाठी लावत होता, आणि वर सांगितलं तसं एलईडी खाली ऊब सोडतच नाही. त्याची असलेली थोडी उष्णता मानेतून वर हवेत जाते, खाली पिल्लांपर्यंत काही येत नाही. 50 वॉटचा एलईडी लावला तरी डोळे दिपतील, पिल्लं थंडच राहतील.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीला 32 ते 35 डिग्री लागतं, मग दर आठवड्याला साधारण 3 डिग्री उतरवत न्यायचं. पिल्लामागे दोन वॉट हा जुना हिशेब पिवळ्या बल्बचा होता, तो एलईडीला लागू नाही. ब्रूडिंगचा लाल इन्फ्रारेड बल्ब घ्या, किंवा गॅस ब्रूडर. इन्फ्रारेडला चिनी मातीचाच होल्डर वापरा, प्लास्टिकचा वितळतो, आणि साखळीने टांगा, नुसत्या वायरवर नको, खाली भाताचं तूस असतं आणि तो पडला तर आग लागायला वेळ लागत नाही. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थोडा खाली घ्या, कुंपणाच्या कडेला पळाली तर वर, सगळीकडे पसरून खात-पीत असली की बरोबर आहे. उजेडासाठी वेगळा 5 वॉटचा एलईडी ठेवा.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे. वाचायच्या खोलीतला बल्ब वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप विझतो, पाच मिनिटांनी पुन्हा लागतो. शिवाय गावात रात्री दहा-अकरानंतर सगळेच बल्ब आधी लख्ख होतात आणि मग काही मंद पडतात. हे काय आहे?
– एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : गुरुजी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत पण दोन्हींच्या मुळाशी ताप आहे.

पहिली. बल्बच्या आत एखाद्या गोळीची बारीक तार किंवा एखादा सोल्डरचा सांधा तडकलाय. थंड असताना तो टेकलेला असतो म्हणून बल्ब लागतो, तापून धातू प्रसरण पावला की सांधा उघडतो, विझतो, थंड झाला की परत टेकतो. हा बल्ब आता काही दिवसांचाच सोबती आहे, वाचायच्या दिव्याला नको, डोळ्यांना त्रास होतो. काही बल्बांत जास्त तापलं की स्वतःहून बंद होणारा आयसीही असतो, तेव्हा एकदा तोच बल्ब उघड्या होल्डरला लावून बघा. तिथे विझला नाही तर दोष बल्बचा नाही, शेडचा आहे.

दुसरी. आमच्याही गावी हेच होतं. रात्री मोटारी बंद झाल्या, गिरणी बंद झाली की लाईनवरचा भार उतरतो आणि व्होल्टेज वर चढतो, 230 चा 250, 260 होतो. 230 व्होल्टची वीज बल्बच्या आत गेल्यावर तिचं शिखर 325 च्या आसपास असतं, 260 झाले की तेच 365 च्या पुढे जातं. वर कोल्हापूरच्या मुलाला सांगितलेल्या साध्या ड्रायव्हरमध्ये हे जास्तीचे चाळीस व्होल्ट आयसीच्या डोक्यावर, 30 मिलीॲम्पला सव्वा वॉट जास्तीची उष्णता, आणि तो आयसी असतो करडईच्या दाण्याएवढा. बरा आयसी असेल तर तो तापल्यावर स्वतःहून करंट कमी करतो, तेच तुम्हाला मंद झालेलं दिसतं, बिचारा जीव वाचवतोय. बरा नसेल तर जळतो. तुमच्याकडे घेताना मानेत वेगळा ड्रायव्हर असलेला आणि खोक्यावर व्होल्टेजची मर्यादा रुंद लिहिलेला घ्या, 100 ते 300 व्होल्ट असं लिहिलेले मिळतात, चार पैसे जास्त जातील पण बल्ब वाचतील.

पण गुरुजी, एक तपासा. काही बल्ब लख्ख होत असतानाच, त्याच क्षणी घरातले दुसरे काही मंद होत असतील आणि मोटार किंवा मिक्सर चालू केल्यावर हे जास्त होत असेल, तर तो ताप नाही, न्यूट्रल सैल आहे. ते धोक्याचं आहे, टीव्ही-फ्रीज जातील, आग लागू शकते. मेन स्विच बंद करा आणि त्याच दिवशी वायरमनला बोलवा, बल्बचं नंतर बघू.

प्रश्न : नवीन फ्लॅटला इंटेरियरवाल्याने पीओपीचं फॉल्स सीलिंग करून त्यात 22 डाऊनलाईट लावले. दीड वर्षात 9 गेले, काहींचा प्रकाश निळसर झालाय. वरचा मजला आमचाच, गच्ची तापते म्हणून सीलिंगच्या वर ग्लासवूल टाकलंय.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ग्लासवूलने तुमची खोली गार झाली आणि दिव्यांना भर उन्हात गोधडी पांघरली. डाऊनलाईटची मागची ॲल्युमिनियमची नक्षीदार पाठ जी असते ना, ते पंख शोभेचे नाहीत, ते हवेला जास्त जागा लागावी म्हणून असतात, आणि त्यांच्यावरच लोकर आली तर ते पंख असून नसल्यासारखे. वर तापलेला स्लॅब आहेच.

दिवा खाली ओढून काढा (स्प्रिंगच्या क्लिप असतात, एमसीबी बंद करून काढायचं), भोकातून हात घालून प्रत्येक दिव्याभोवती वीतभर जागा लोकर बाजूला सारून मोकळी करा. ड्रायव्हरचा छोटा डबा वेगळा असेल तर तो दिव्याच्या पाठीवर टेकवून ठेवलेला असतो हे मी फार ठिकाणी बघितलंय, गवंडी-सुतार घाईत असतात, तो लांब सरकवून ठेवा, वायर पुरते. या दोन कामांनी उरलेल्या 13 चं आयुष्य वाढेल. 22 मधले रोज लागणारे किती हेही बघा, बहुतेक हॉलमध्ये निम्मे पुरतात.

निळसरपणाचं कारण वेगळं सांगण्यासारखं आहे. पांढरा एलईडी असा नसतोच, आत निळी चिप असते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर, दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. त्या निळ्या चिपेसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ती निघाली नसती तर आज घरात एलईडी नसता. आता ताप जास्त झाला की तो पिवळा थर किंवा त्याला धरणारं सिलिकॉन खराब होतं, कधी थर सुटतो, आणि मागचा निळा उघडा पडतो. निळसर झालेला दिवा परत पांढरा होत नाही. झोपायच्या खोलीत असेल तर आधी तो बदला.

प्रश्न : माझ्याकडे 2012 साली घेतलेला एलईडी बल्ब आहे, हातात घेतला तर वजनदार, मानेला ॲल्युमिनियमचे पंख, अजून चालू. आताचे पिसासारखे हलके. हलका म्हणजे डुप्लिकेट समजायचं का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तो जपून ठेवा, तो एका काळाची खूण आहे. 2011 मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 60 वॉटच्या बल्बला पर्याय देईल अशा बल्बसाठी एल प्राइझ नावाचं बक्षीस दिलं, ते फिलिप्सच्या 10 वॉटच्या बल्बला मिळालं. त्याला मोठे पंख होते आणि पिवळा फॉस्फर चिपेवर न लावता लांब, बाहेरच्या टोपीवर लावला होता, कशासाठी, तर चिपेच्या तापापासून तो वाचावा म्हणून. तेव्हाच्या चिपा त्याच प्रकाशासाठी जास्त तापायच्या म्हणून एवढं धातूचं वजन लागायचं.

नंतर दोन गोष्टी झाल्या. चिपा सुधारल्या, कमी तापायला लागल्या, म्हणून धातू कमी पुरायला लागला, हे चांगलं झालं. आणि भाव कोसळले. आपल्याकडे जानेवारी 2015 मध्ये उजाला योजना सुरू झाली, वीजबिल दाखवून बल्ब मिळायचे ते आठवत असेल, सरकारी खरेदीत बल्बचा भाव 2014 मधल्या 310 रुपयांवरून 2016 पर्यंत 38 रुपयांवर आला. देशाची केवढी वीज वाचली, मला त्याचं खरंच कौतुक आहे. पण भावाच्या शर्यतीत बाजारातल्या बाकीच्यांनी जिथे दिसत नाही तिथे हात आखडता घेतला, आणि बल्बमध्ये न दिसणारी जागा म्हणजे नेमकी ती ॲल्युमिनियमची वाटी आणि कॅपॅसिटर.

म्हणून हलका म्हणजे डुप्लिकेट असं नाही, पण वजन हा अजूनही उपयोगी पुरावा आहे. दुकानात एकाच वॉटचे दोन बल्ब दोन हातांत घ्या, जो जड तो बहुतेक वेळा आत धातू जास्त असलेला. मग खोक्यावर ल्युमेन बघा आणि वॉटने भागा, 9 वॉटला 900 आणि दुसऱ्याच्या 9 ला 1,000 असेल तर दुसरा त्याच विजेत उष्णता कमी करतोय. बीआयएसचं चिन्ह आणि आर ने सुरू होणारा नोंदणी नंबर पाहिजेच, स्वतःचा ड्रायव्हर असलेल्या एलईडी बल्बला आपल्याकडे ते सक्तीचं आहे. आणि पावती घ्या, तारीख घालून, मानेवर स्केचपेनने पण तारीख लिहा. गॅरंटीचं भांडण तिथेच संपतं.

काचेचे जुन्यासारखे दिसणारे फिलॅमेंट एलईडी पण येतात, त्यात वाटी नसते मग उष्णता जाते कशी, असं दोघा-तिघांनी विचारलंय. त्या काचेच्या फुग्यात हवेऐवजी मुख्यतः हेलियम भरलेला असतो, तो हवेच्या पाच-सहा पट चांगली उष्णता वाहतो, काड्यांपासून काचेपर्यंत नेऊन पोचवतो. कमी वॉटला ही युक्ती छान चालते, म्हणून ते 4-6 वॉटचेच जास्त दिसतात.

प्रश्न : इथे कॅनडात गॅरेजमध्ये हिवाळ्यात उणे 20 असतं. एलईडीला थंडी चालते का? इथे खोक्यावर बंद फिक्श्चरमध्ये लावू नका असंही लिहिलेलं असतं.
– एक वाचक, टोरोंटो

उत्तर : थंडी त्याला माहेरासारखी आहे, प्रकाश वाढतो, आयुष्यही वाढतं. फक्त ड्रायव्हरच्या कॅपॅसिटरमधलं रसायन फार थंडीत आळसावतं म्हणून लावल्यावर काही क्षण लुकलुकेल, घेताना उणे 20 ला चालतो असं लिहिलेला घ्या. तुमच्याकडच्या सिग्नलच्या एलईडी दिव्यांवर बर्फ साचून राहतो ते त्यामुळेच, जुने दिवे आपल्या उबेने तो वितळवायचे. आणि बंद फिक्श्चरची ती ओळ आपल्या देशातही प्रत्येक खोक्यावर मराठीत ठळक छापलेली असावी असं मला फार वाटतं, अकोल्याच्या ताईंचे तीन बल्ब वाचले असते.

प्रश्न : देवघर लाकडी, दाराचं आहे. आधी आत लाल झिरोचा बल्ब असायचा, लाकूड गरम लागायचं म्हणून काढला. नातू म्हणतो अर्ध्या वॉटचा एलईडी लाव आजी, दिवसरात्र राहू दे. दार बंद असलं तर चालेल का?
– एक आजी, सांगली

उत्तर : चालेल आजी, नातू बरोबर सांगतोय. झिरोचा बल्ब नावालाच झिरो होता, तो 12-15 वॉट खायचा आणि त्यातली बहुतेक उष्णता, म्हणून लाकूड तापायचं. अर्ध्या वॉटची उष्णता इतकी थोडी की बंद देवघराला कळणारही नाही. बल्ब मागच्या फळीला खेटून न लावता दोन बोटं पुढे घ्या आणि आयएसआय मार्कची वायर वापरा. समई किंवा निरांजन मात्र त्याच्या बरोबर खाली नको, ज्योतीची आच सरळ वर जाते आणि बल्ब प्लास्टिकचा आहे, वायरही. एका बाजूला समई, दुसऱ्या कोपऱ्यात वर बल्ब, आणि समई लावलेली असेल तेवढा वेळ दार उघडं.